मदत हवी आहे : चॅटमध्ये लिहिलेला घरखर्च आणि हातातील शिल्लक यांचा मेळ बसत नाही

नमस्कार. घरखर्चाचा हिशेब ठेवण्यासाठी आम्ही जूनपासून टेलिग्रामवर चालणारा एक बॉट, म्हणजे संदेशांना आपोआप उत्तर देणारा प्रोग्रॅम, वापरत आहोत. साधा संदेश लिहिला की तो त्यातील रक्कम आणि खर्चाचा प्रकार ओळखून नोंद करतो आणि महिनाअखेरीस बेरीज देतो. ही बेरीज आमच्या प्रत्यक्ष शिल्लकेशी जुळत नाही, आणि एक ढळढळीत चूक सापडल्यावर मी ती दुरुस्त केली तेव्हा फरक कमी होण्याऐवजी कितीतरी वाढला. म्हणून जाणकारांची मदत हवी आहे.

थोडी पार्श्वभूमी सांगते. आम्ही कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहतो. घरात सासूबाई, यजमान, मी आणि शाळेत जाणारी दोन मुले आहेत. माझे सासरे मार्केट यार्डात गुळाच्या अडत दुकानात दिवाणजी होते आणि घरीही ते शेवटपर्यंत रोजमेळ लिहीत असत. डावीकडे जमा, उजवीकडे नावे म्हणजे खर्च आणि रात्री पेटीतील रोकड मोजून मांडलेली शिल्लक, असा त्यांचा नेम होता. त्यांच्या पश्चात वही बंद पडली. मी ती पुन्हा सुरू करून पाहिली, परंतु २०१६ नंतर यूपीआय आल्यापासून आमच्या घरातील खर्चाचे स्वरूपच बदलले आहे. कपिलतीर्थ मंडईत कोथिंबिरीच्या दोन जुड्या घेतल्या तरी यजमान मोबाइलवरून पैसे देतात, मुलगा रिक्षाचे भाडे माझ्या खात्यातून देतो, आणि रात्री वही उघडून बसल्यावर कोणालाच काही आठवत नाही. संदेश मात्र घरातील प्रत्येक जण दिवसभर पाठवत असतो. सासूबाईसुद्धा मोबाइलवर बोलून मराठीत संदेश लिहितात. म्हणून घरच्यांचा एक गट करून त्यात हा बॉट घेतला. सुरुवातीला तो गटात काहीच उत्तर देत नव्हता. त्याला गटाचा ॲडमिन केल्यावर नोंदी घेऊ लागला.

आता आकडे सांगते. १ जूनच्या सकाळी, कोणताही खर्च होण्यापूर्वी, रोख आणि दोन्ही खाती मिळून ४६,२५० रुपये होते. महिन्यात ६२,००० रुपये आले. ३० जूनच्या रात्री सर्व मोजले तेव्हा ५८,९१० रुपये शिल्लक होते. म्हणजे जूनचा प्रत्यक्ष खर्च ४९,३४० रुपये झाला. १ जुलैच्या संध्याकाळी बॉटकडून जूनची बेरीज घेतली ती ४९,०९३ रुपये आली. फरक केवळ २४७ रुपयांचा होता आणि घरातील सर्वांचे म्हणणे असे पडले की एवढा फरक चालायचाच. मला ते पटले नाही, म्हणून नोंदी चाळल्या. यजमानांनी लक्ष्मीपुरीतून महिन्याचा किराणा भरला त्या दिवशी ‘किराणा साडे ३ हजार’ असे लिहिले होते आणि बॉटने ती नोंद अवघी ३ रुपये अशी केली होती. संदेशाच्या आरंभी तारीख लिहिली तर मागच्या दिवसाची नोंद करता येते, त्याप्रमाणे मी जूनमधील त्याच तारखेला राहिलेले ३,४९७ रुपये लिहिले. आता बेरीज ५२,५९० रुपये दिसते, म्हणजे प्रत्यक्ष खर्चापेक्षा ३,२५० रुपये जास्त! जे पैसे आमच्याकडे अजून शिल्लक आहेत ते खर्च झाले असे बॉट म्हणतो.

माझा मुख्य प्रश्न हाच आहे की हे ३,२५० रुपये कोठून आले असतील आणि ते कसे शोधावेत. त्याशिवाय दरमहा २,००० रुपये भिशीचे जातात, ते खर्चात धरावेत का, हेही कळावे. आमचा क्रमांक लागेल तेव्हा ती रक्कम एकत्र परत येणार आहे. आणखी एक शंका यजमानांनी काढली आहे, ती म्हणजे घरातील पै-पैचा हिशेब असा एखाद्या बॉटकडे देणे सुरक्षित आहे का.

प्रतिसाद १

ताई, आपण रोख आणि खाती मोजून प्रत्यक्ष खर्च काढला, त्यामुळे शोध घेणे सोपे जाईल. मी स्वतः असे लहान प्रोग्रॅम लिहितो. आधी एक विचारतो : जून महिन्यात कोणी पाठवलेला संदेश नंतर बदलला होता का, किंवा पुसून टाकला होता का?

हे विचारण्याचे कारण असे. टेलिग्राममध्ये संदेश बदलला तर बॉटकडे ‘संदेश बदलला’ अशी स्वतंत्र सूचना जाते. बॉट लिहिणाऱ्याने ती सूचना हाताळलेली नसेल तर चॅटमध्ये नवा आकडा दिसतो आणि नोंदीत जुनाच राहतो. संदेश पुसला तर मात्र सर्वसाधारण गटात बॉटला त्याचा पत्ताच लागत नाही, कारण पुसल्याची सूचना त्याच्यापर्यंत पोचतच नाही. आपल्या डोळ्यांसमोरून गेलेली नोंद त्याच्या हिशेबात तशीच राहते. नोंद रद्द करायची असेल तर बॉटच्या उत्तराखाली त्यासाठी बटण आहे का ते पाहावे आणि तेच वापरावे.

‘साडे ३ हजार’चे कोडे सोपे आहे. बहुतेक साधे प्रोग्रॅम संदेशात पहिला जो आकडा दिसेल तो रक्कम म्हणून उचलतात. त्याच्या आधीचे ‘साडे’ आणि नंतरचे ‘हजार’ हे त्यांच्या लेखी नुसते शब्द असतात. सव्वाशे, दीडशे, पावणेदोनशे, अडीचशे ही आपली रोजची भाषा, पण त्यांत आकडाच नसल्यामुळे बॉट निदान ‘रक्कम सापडली नाही’ असे तरी कळवतो. अर्धा आकडा आणि अर्धा शब्द अशी मिसळ झाली की तो काही न बोलता चुकीची नोंद करतो. याच कारणाने ‘वह्या २ डझन ७२०’ असे लिहिले तर २ रुपये नोंदले जाण्याचा संभव आहे, म्हणून रक्कम आधी आणि नग नंतर लिहावेत. आपल्या बॉटला देवनागरी आकडे समजतात हे चांगले आहे. देवनागरी आकड्यांचे संगणकातील संकेत इंग्रजी आकड्यांहून वेगळे असतात आणि पुष्कळ प्रोग्रॅम फक्त इंग्रजी आकडेच शोधतात.

प्रतिसाद २

मी बँकेतून निवृत्त झालो आहे. ताळा न बसल्यास आमच्या काळी जे करत असू ते सांगतो, कारण चॅट असो वा खतावणी, बेरीज चुकण्याच्या वाटा फारशा वेगळ्या नसतात.

फरकाच्या आकड्याची एखादी नोंद जशीच्या तशी आहे का ते प्रथम पाहावे. तशी असेल तर ती दोनदा पडली आहे, राहिली आहे किंवा भलत्या महिन्यात गेली आहे. नंतर फरकाला ९ ने भाग जातो का ते पाहावे; पूर्ण भाग गेला तर लिहिताना दोन अंकांची अदलाबदल झाली असण्याची शक्यता असते. ३,२५० ला ९ ने पूर्ण भाग जात नाही आणि तेवढ्या रकमेची नोंद आपल्याला एव्हाना दिसलीच असती. तेव्हा या एकाच फरकात निरनिराळ्या दिशांच्या दोन-तीन चुका एकमेकींत मिसळल्या असाव्यात. पहिल्या वेळचा २४७ चा फरकही असाच होता : साडेतीन हजारांची तूट दुसऱ्या बाजूच्या वाढीने झाकली गेली होती. तो फरक आपण सोडून दिला नाही याचे मला मनापासून कौतुक वाटते.

भिशीविषयी माझे मत स्पष्ट आहे. तो खर्च नव्हे. पैसे हातातून जातात म्हणून त्यांची नोंद अवश्य करावी, पण ‘भिशी’ असा स्वतंत्र प्रकार ठेवून, आणि रक्कम परत मिळेल तेव्हा ती त्याच प्रकारात जमा करावी. एरवी वर्षभर घरखर्च फुगलेला दिसेल आणि एका महिन्यात उत्पन्न अचानक वाढलेले दिसेल. कोणाला हातउसने दिलेले पैसे आणि एटीएममधून काढलेली रोकड यांनाही हेच लागू आहे. एटीएममधून काढलेले ५,००० खर्चात लिहिले आणि पुढे त्यांतूनच झालेली खरेदीही लिहिली, तर तोच पैसा दोनदा खर्ची पडतो. आता आपल्या ताळ्यापुरते म्हणाल तर जूनचे भिशीचे २,००० बॉटच्या बेरजेतही आहेत आणि शिल्लकेतूनही गेलेले आहेत, त्यामुळे हा फरक त्यांच्यामुळे आलेला नाही.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचेही मनःपूर्वक आभार. घरात सर्वांना विचारले तेव्हा दोन गोष्टी उघड झाल्या. मुलाच्या रेनकोटचे ५४० रुपये मी आधी ४५० असे लिहिले होते आणि लगेच संदेश बदलला होता. बॉटकडे अजून ४५० आहेत. दुसरी गोष्ट शाळेच्या साहित्याची. महाद्वार रोडवर दप्तरे आणि वह्या घेतल्या, त्याचे १,४८० रुपये यजमानांनीही लिहिले आणि मीही लिहिले. ते लक्षात आल्यावर मी माझा संदेश पुसला आणि विषय संपला असे समजले. नोंदींची फाइल उतरवून पाहिली तर दोन्ही नोंदी तेथे आहेत.

३,२५० मध्ये राहिलेले ९० मिळवले आणि १,४८० वजा केले की १,८६० रुपये उरतात. काकांनी सांगितल्याप्रमाणे तेवढ्या रकमेची नोंद शोधली आणि ती मिळाली. जूनच्या दुधाचे बिल १,८६० रुपये झाले होते. परंतु ते सासूबाईंनी १ जुलैच्या पहाटे दूधवाला आला तेव्हा दिले आणि तेव्हाच, पाच वाजून दहा मिनिटांनी, गटात लिहिले. फाइलमध्ये मात्र त्या नोंदीवर ३० जून, २३ वाजून ४० मिनिटे अशी वेळ आहे. मे महिन्याचे बिलही १ जूनला दिलेले असल्याने जूनमध्ये दुधाच्या दोन नोंदी आहेत. सासूबाईंची तारीख चुकलेली नाही, मग ही वेळ कोठून आली?

प्रतिसाद १

वेळेतील अंतर मोजा, ताई : बरोबर साडेपाच तास. बॉट ज्या संगणकावर चालतो तेथील घड्याळ जागतिक प्रमाणवेळेवर लावलेले आहे आणि भारतीय प्रमाणवेळ तिच्यापेक्षा साडेपाच तास पुढे आहे. म्हणून आपल्याकडे पहाटे साडेपाचच्या आत लिहिलेला प्रत्येक खर्च आदल्या दिवशी पडतो. महिन्याच्या मध्यात ते कोणाच्या ध्यानात येत नाही, पण एक तारखेला तो थेट आदल्या महिन्यात जातो. बॉटच्या सेटिंगमध्ये कालविभाग (टाइम झोन) निवडण्याची सोय असेल तर तेथे भारत निवडावे. तशी सोय नसेल तर आपण किराण्यासाठी केले तसे पहाटेच्या संदेशात आधी तारीख लिहावी.

यजमानांची शंका योग्य आहे. बॉटला पाठवलेला संदेश तो बॉट चालवणाऱ्याच्या संगणकावर पोचतो, आणि बॉटशी होणारे संभाषण टेलिग्रामच्या गुप्त चॅटमध्ये, म्हणजे फक्त बोलणाऱ्या दोघांनाच वाचता येणाऱ्या चॅटमध्ये, करता येत नाही. शिवाय आपण त्याला ॲडमिन केले आहे. गटातील साधे संदेश सहसा बॉटपर्यंत पोचत नाहीत, ॲडमिन झालेल्या बॉटपर्यंत मात्र सर्वच पोचतात. म्हणून ज्या गटात घरातील इतर बोलणे होते त्यात बॉट ठेवू नये. खर्चापुरता वेगळा गट करावा आणि त्यात खाते क्रमांक, ओटीपी किंवा दवाखान्याचे तपशील कधीही लिहू नयेत. ‘औषधे ३२०’ एवढे पुरते, कोणाची आणि कशाची ते लिहिण्याचे कारण नाही. बॉट बंद पडला तर टेलिग्राम त्याचे न पोचलेले संदेश २४ तासांहून अधिक काळ राखून ठेवत नाही. त्यामुळे नोंद झाल्याचे उत्तर आले नाही तर तो संदेश पुन्हा पाठवावा आणि दर महिन्याला नोंदींची फाइल उतरवून स्वतःकडे ठेवावी.

प्रतिसाद ३

मी राजारामपुरीत राहते आणि गेल्या वर्षापासून अशाच पद्धतीने हिशेब ठेवते. माझ्या अनुभवातील एकच गोष्ट सांगावीशी वाटते. बॉटकडे नावेची बाजू आहे, शिल्लकेची नाही. आम्ही दर रविवारी रात्री रोख आणि खाती मोजून ‘शिल्लक’ असा संदेश स्वतंत्र चॅटमध्ये लिहून ठेवतो आणि आठवड्याची बेरीज तिच्याशी ताडून पाहतो. आठवड्यात पंचवीस-तीस नोंदी असतात, त्यामुळे चूक अर्ध्या तासात सापडते. महिना उलटल्यावर दीडशे नोंदींतून ती शोधणे फार कष्टाचे होते. दुकानदाराकडे महिन्याचे खाते असेल तर माल आणला तेव्हा लिहायचे की पैसे दिले तेव्हा, हेही घरात एकदा ठरवून घ्या. आमच्याकडे पहिले तीन महिने किराणा दोनदा पडत होता.

मूळ प्रश्नकर्ती

रेनकोटचे ९० रुपये वाढवले, साहित्याची दुसरी नोंद बॉटच्या उत्तराखालील बटणाने रद्द केली आणि दुधाची नोंद १ जुलैला घेतली. जूनची बेरीज आता ४९,३४० रुपये येते, अगदी रुपयाला रुपया. सासूबाईंना ती दाखवली तेव्हा त्यांनी कपाटातून सासऱ्यांची जुनी वही काढून दिली. तिच्यात काही पाने कोरी आहेत. रविवारची शिल्लक आम्ही त्याच पानांवर लिहिणार आहोत. खर्चाचा वेगळा गट आज संध्याकाळी केला, भिशी वेगळ्या प्रकारात घातली आणि कालविभाग निवडण्याची सोय सेटिंगमध्ये सापडली.

एक प्रश्न मात्र अजून उरला आहे. सासूबाई बोलून संदेश लिहितात आणि त्यांच्या तोंडी सव्वाशे, दीडशे हेच शब्द येतात. त्यांनी बोलणे बदलावे असे मला वाटत नाही. असे शब्द ओळखून त्यांचे आकडे करणारा एखादा बॉट कोणी वापरला असेल, किंवा तसा प्रोग्रॅम लिहिण्यास कोणी मदत करू शकत असेल, तर कृपया येथे कळवावे. शब्दांची आणि रकमांची यादी मी आणि सासूबाई मिळून करून देऊ.