'बाबो', 'चाबो' आणि माज

जर्मन गँगस्टा रॅपला हौसेने मराठी उपशीर्षकं लिहितोय. अडलोय 'बाबो'वर. २०१३ मध्ये लांगेनशाइट या कोशवाल्या प्रकाशनाने तो वर्षाचा 'तरुणाईचा शब्द' ठरवला होता. अर्थ बॉस, म्होरक्या. 'दादा' चालेल?

— चालेल, पण 'बाप' जास्त बसतो. शब्द 'बाबा'च्याच कुळातला आहे आणि 'या धंद्यात तो बाप आहे' असं आपणही म्हणतोच. तो घरोघरी पोचवला ओफेनबाख शहरातल्या रॅपर हाफ्टबेफेलने (नावाचा अर्थच 'अटक वॉरंट'!). गाणं: 'चाबोस विसेन वेर देर बाबो इस्ट'. आता मजा बघा. 'चाबो' म्हणजे रोमानीतला 'छावो', पोरगा. रोमानी भारतातून गेलेली भाषा, म्हणजे आपला 'छावा' त्याचा चुलतभाऊ. तरी उपशीर्षकात 'छावा' नको, लगेच सिंहाचं पिल्लू आठवतं. 'बाप कोण, पोरांना ठाऊक आहे' एवढं पुरे.

झकास! मग या सगळ्या बडबडीला 'फुशारकी' म्हणू?

— सरसकट नको. फुशारकी पोकळ असते. मनगटावर रोलेक्स खरंच असेल तर तो माज. कोलेगा या रॅपरचं मात्र वेगळं. माइन्झला कायदा शिकलेला हा गडी गाण्यांच्या ज्या मालिकेत मिरवतो तिचं नावच 'त्सूहेल्टरटेप', म्हणजे भडव्याची टेप. शाब्दिक कोट्यांवर कोट्या करत इतकी अतिशयोक्ती करतो की ती बढाईची नक्कल वाटते. तिथे 'फुशारक्या मारणे' फिट्ट.

— गाडीचाही घोळ आहे. आपल्याकडे नुसतं 'मर्सिडीज' म्हटलं की काम झालं. जर्मनीत फिकट पिवळट रंगाची टॅक्सीसुद्धा मर्सिडीज असते, मग भाव कसा खाणार? म्हणून ओळीत 'एएमजी' (मर्सिडीजचा दमदार, महागडा प्रकार) लागतं. ती तीन अक्षरं तशीच ठेवा, 'आलिशान गाडी' केलंत तर तोरा गेला.

— 'फ्लेक्सेन' आलं की सांभाळून हं. रॅपमध्ये ते मिरवणं, पण वर्कशॉपमधल्या जर्मन माणसाला ग्राइंडरने लोखंड कापणं. जुना घरगुती वाक्प्रचार हवा असेल तर 'आउफ डिके होझे माखेन', शब्दशः जाड विजारीचा आव आणणं. मी त्याला 'टेंभा मिरवणे' लिहिते.

टेंभा घेतला. 'माज' ठेवतोय एएमजीवाल्या ओळीला.