मदत हवी आहे: प्रत्येक सोसायटीपासून रस्त्यानं सगळ्यात जवळचा विसर्जन हौद कसा काढायचा? (क्यूजीआयएस)

निर्माल्य_टेम्पो

नमस्कार मंडळी, क्यूजीआयएस (नकाशांचं मोफत सॉफ्टवेअर) वापरणारं कुणी असेल तर प्लीज बघा, माझं डोकं बंद पडलंय.

आमचा छोटा ग्रुप आहे, गणपतीत निर्माल्य आणि मूर्ती गोळा करतो. एरंडवणे, डेक्कन, नवी पेठ, दत्तवाडी, नारायण पेठ एवढाच पट्टा. सोसायट्यांचे शंभरेक पॉइंट आहेत आणि हौद, घाट, संकलन केंद्रं मिळून वीस-बावीस. मला हवंय एवढंच की प्रत्येक सोसायटीसमोर रस्त्यानं जवळचं केंद्र कुठलं, किती मीटर, आणि नकाशावर तो रस्ता दिसावा, म्हणजे छोटा हत्ती चालवणाऱ्या दादांच्या हातात प्रिंट देता येईल, नाहीतर दर वर्षी ते मला फोन करतात आणि मी कुणाला तरी फोन करते.

आधी डिस्टन्स टू निअरेस्ट हब चालवलं. त्यानं पटवर्धन बागेतल्या सोसायट्यांना दत्तवाडी घाट देऊन टाकला. सरळ रेषेत बरोबरच आहे म्हणा, मध्ये मुठा आहे एवढंच.

मग कुणीतरी क्यूनीट३ प्लगइन सांगितलं, त्यातलं ओडी मॅट्रिक्स (प्रत्येक सोसायटी ते प्रत्येक केंद्र अंतरांचा तक्ता) चालवलं. आता हे प्रॉब्लेम:

अंतरं ०.०१३ वगैरे अशी येतायत. काही सोसायट्यांची ओळ रिकामीच. जंगली महाराज रोडवर रूट सरळ उलटा घुसतोय. आणि सगळ्यात भारी म्हणजे एक रूट लकडी पुलावरून मध्येच खाली नदीपात्रातल्या रस्त्यावर उतरतो, म्हणजे अक्षरशः पुलाच्या मधोमध ९० अंशात वळून.

रस्त्यांची लेयर मागच्या वर्षीच्या एका कार्यकर्त्याकडून आलीय, तो आता बंगलोरला, फोन उचलत नाही. ओपनस्ट्रीटमॅपची आहे एवढं माहितीये.

आगाऊ_चौक

गूगल मॅप्स उघडा, हौद टाका, डायरेक्शन्स दाबा. झालं की.

निर्माल्य_टेम्पो

@आगाऊ_चौक शंभर सोसायट्या गुणिले बावीस केंद्रं, तुम्ही दाबत बसणार असाल तर चहा माझ्याकडून.

रेषा_आणि_बिंदू

ताई, एकेक बघू, चारही प्रॉब्लेम वेगवेगळे आहेत.

०.०१३ हे अंश आहेत, मीटर नाहीत. लेयर ४३२६ मध्ये, म्हणजे अक्षांश-रेखांशात असणार. मीटरमध्ये मोजणाऱ्या यूटीएम पद्धतीत पुणे झोन ४३ उत्तर मध्ये येतं, ईपीएसजी ३२६४३. तिन्ही लेयर, रस्ते, सोसायट्या, केंद्रं, त्यात आणा. पण रीप्रोजेक्ट लेयर वापरून नवीन फाइल करा, लेयरवर राइट क्लिक करून सेट सीआरएस (निर्देशांक पद्धत) करू नका. सेट केल्यानं आकडे बदलत नाहीत, फक्त पाटी बदलते, मग ७३ आणि १८ हे मीटर समजले जातात आणि अख्खी दत्तवाडी मालदीवच्या पश्चिमेला विषुववृत्तावर समुद्रात जाऊन पडते. गंमत नाही, खरंच तिथंच पडते.

वन वे: ॲडव्हान्स्ड मध्ये डायरेक्शन फील्ड आहे, ते दिलंय का? आणि दिलं असेल तर फॉरवर्डच्या रकान्यात काय लिहिलंय? डेटा जिओफॅब्रिकच्या (ओपनस्ट्रीटमॅपचा डेटा तयार देणारी साइट) शेपफाइलचा असेल तर वनवे कॉलममध्ये एफ, टी, बी अशी अक्षरं असतात. एफ म्हणजे रेष काढलीय त्या दिशेनं, टी म्हणजे उलट्या दिशेनं, बी म्हणजे दोन्हीकडून. क्विकओएसएम प्लगइननं उतरवला असेल तर येस, नो, उणे एक. बहुतेक ट्युटोरियलमध्ये येस लिहिलेलं असतं, तेच तुमच्याकडे टाकलं आणि कॉलममध्ये एफ असेल तर सॉफ्टवेअरला एकही वन वे सापडत नाही आणि ते गुपचूप सगळं दुतर्फा धरतं, एरर पण देत नाही. बाजीराव रोड आणि शिवाजी रोड एकदा तपासून बघा, ते दोन बरोबर आले की बाकी बहुतेक बरोबर असतं.

अजून एक, ओरिजिन सोसायटी ठेवा आणि डेस्टिनेशन केंद्र. उलटं केलं तर वन वे मुळे उत्तर बदलतं. फायर ब्रिगेडसाठी करत असता तर केंद्रातून घटनेकडे लागलं असतं, तुमचा माल सोसायटीकडून हौदाकडे जातोय.

वेळ काढायच्या भानगडीत पडू नका, अंतरच ठेवा. त्या शेपफाइलमध्ये बहुतेक रस्त्यांचा मॅक्सस्पीड शून्य असतो आणि मग सगळीकडे एकच डीफॉल्ट वेग धरला जातो. कुमठेकर रोडलाही तोच.

रिकाम्या ओळींसाठी एंट्री कॉस्ट कॉलम बघा, म्हणजे पॉइंटपासून रस्त्यापर्यंतचं अंतर. आणि लकडी पुलाचं मला नक्की कळेना.

डोंगरावरून

टोपोलॉजी टॉलरन्स (किती अंतरातले बिंदू जोडलेले धरायचे ते) वाढवून १० करा, रिकाम्या ओळी भरतील.

जुना_सर्व्हेअर

टॉलरन्स १० अजिबात नको. १० मीटरच्या आतले सगळे कोपरे एकमेकांना चिकटतात, दुभाजकाच्या दोन बाजू एक होतात, आणि वन वे चं जे काय आत्ता वर सांगितलं ते सगळं पाण्यात. शून्य ठेवा.

लकडी पुलाबद्दल. ताई, रस्त्यांच्या लेयरचं ॲट्रिब्यूट टेबल उघडा आणि ओएसएम आयडी (ओपनस्ट्रीटमॅपमधला रेषेचा नंबर) वर सॉर्ट करा. एकच आयडी चार-चार, पाच-पाच ओळींत परत येतोय का? येत असेल तर तुमच्या बंगलोरवाल्यानं स्प्लिट विथ लाइन्स किंवा ग्रासचं (क्यूजीआयएसमधूनच चालणारं दुसरं सॉफ्टवेअर) व्ही क्लीन ब्रेक चालवलंय. जिथं दोन रेषा कागदावर एकमेकींना छेदतात तिथं ते टूल तोडतं आणि सांधा करतं, वरून पूल जातोय का खालून रस्ता याच्याशी त्याला देणंघेणं नाही. मूळ ओपनस्ट्रीटमॅपमध्ये पूल आणि खालचा रस्ता यांचा कॉमन बिंदू नसतो, म्हणून क्यूजीआयएस त्यांना जोडत नाही. तोडल्यावर कॉमन बिंदू तयार झाला, टेम्पो उतरला खाली.

हे दुरुस्त करत बसू नका. लकडी पूल हाताने जोडाल, मग म्हात्रे पूल निघेल, मग गरवारे कॉलेजच्या मागे काहीतरी निघेल. लेयर फेकून द्या, जिओफॅब्रिकवरून वेस्टर्न झोन परत उतरवा. फाइल मोठी आहे, तुमचा पट्टा काढून घ्या, पण क्लिपनं नाही, एक्स्ट्रॅक्ट बाय लोकेशननं, आणि चहूबाजूंनी दोनेक किलोमीटर जास्त घ्या. क्लिप हद्दीवर रेषा कापतं, काठावरची सोसायटी मग बाहेरून वळसा घेऊच शकत नाही.

एफक्लास (रस्त्याचा प्रकार) कॉलममधून फुटवे, स्टेप्स, पाथ, सायकलवे, पेडेस्ट्रियन गाळा. आणि झेड ब्रिज हाताने काढा, तो दुचाकीचा आहे, छोटा हत्ती तिथं नेला तर फोटो छापून येईल.

आगाऊ_चौक

आर्कजीआयएसला (असंच, पण विकतचं सॉफ्टवेअर) नेटवर्क ॲनालिस्टमध्ये क्लोजेस्ट फॅसिलिटी म्हणून तयार बटण आहे. फॅसिलिटी टाका, इन्सिडेंट टाका, टुवर्ड्स फॅसिलिटी निवडा, सॉल्व्ह. रूट पण काढून देतं. एवढा द्राविडी प्राणायाम कशाला?

जुना_सर्व्हेअर

लायसन्स तुम्ही देताय का वर्गणीतून? आणि तिथंही नेटवर्क डेटासेट करताना कनेक्टिव्हिटी एंड पॉइंट ठेवायची का एनी व्हर्टेक्स हे ठरवावंच लागतं. ओपनस्ट्रीटमॅपचा डेटा एंड पॉइंटवर टाकलात तर निम्मे चौक जुळत नाहीत, कारण तिथले रस्ते मध्येच एकमेकांना भेटतात, टोकाला नाही. बटण तयार असतं, नेटवर्क नसतं.

निर्माल्य_टेम्पो

ओएसएम आयडी चा अंदाज बरोब्बर!! एकेक आयडी सात-सात वेळा होता. नवीन डेटा घेतला, ३२६४३ केलं, एफ टी बी भरलं. जंगली महाराज रोड सरळ झाला, पुलावरून उडी बंद. पटवर्धन बागेला आता नदीच्या अलीकडचंच केंद्र येतंय. रिकाम्या ओळींतल्या बऱ्याच भरल्या, ज्या राहिल्या त्यातल्या दोन सोसायट्या आतल्या अशा एका गल्लीवर चिकटत होत्या जी बाहेरच्या रस्त्याला जोडलेलीच नाहीये, ते ओपनस्ट्रीटमॅपवरच दुरुस्त केलं.

आता दोन प्रश्न. मॅट्रिक्समधून प्रत्येक सोसायटीचं एकच, सगळ्यात कमीवालं कसं उचलू? आणि मॅट्रिक्स ॲज लाइन्स केलं तर सरळ रेषाच येतात, रस्ता नाही.

रेषा_आणि_बिंदू

सिलेक्ट बाय एक्सप्रेशन: टोटल कॉस्ट बरोबर मिनिमम टोटल कॉस्ट, त्या मिनिमम फंक्शनमध्येच ग्रुप बाय म्हणून ओरिजिन आयडी द्यायचा. निवडलेल्या ओळी वेगळ्या सेव्ह करा. दुसऱ्या नंबरचं केंद्र पण काढून ठेवा, हौद भरला की दादा परत फोन करतीलच.

लाइन्सच्या सरळ रेषा बरोबरच आहेत, ते टूल तसंच काढतं. खरा रस्ता पाहिजे तर प्रोसेसिंगमध्ये ग्रासचं व्ही नेट डिस्टन्स बघा. ते नेमकं तुमचंच काम करतं, प्रत्येक फ्रॉम पॉइंटपासून सगळ्यात जवळचा टू पॉइंट शोधतं आणि रस्त्याच्या रेषेसकट देतं. दोन गोष्टी सांभाळा. ग्रास फक्त रेषांच्या टोकांना जोडतं, मधल्या बिंदूंना नाही, म्हणून आधी एक्सप्लोड लाइन्स चालवा (व्ही क्लीन ब्रेक नाही, नाहीतर पुन्हा पुलावरून खाली). एक्सप्लोड प्रत्येक मूळ बिंदूवर तोडतं, नवीन सांधे करत नाही. दुसरं, वन वे साठी जायचा आणि यायचा असे दोन कॉस्ट कॉलम करा, दोन्हीत लांबी भरा, आणि एफ असेल तिथं यायच्या कॉलममध्ये उणे एक, टी असेल तिथं जायच्या. उणे एक म्हणजे बंद. पॉइंट रस्त्याला जोडायचा थ्रेशोल्ड डीफॉल्ट ५० आहे, म्हणजे आता ५० मीटर. गेटपासून लांब आत पॉइंट ठेवलेल्या सोसायट्या त्यात सुटतील, पॉइंट गेटवर आणा.

निर्माल्य_टेम्पो

चाललं! रस्त्यासकट. पण आता अनंत चतुर्दशीचं. लक्ष्मी रोड, केळकर रोड, कुमठेकर, टिळक रोड हे सगळे मिरवणुकीचे. दीड दिवसाला आणि पाच दिवसाला आत्ताचंच चालेल, शेवटच्या दिवसासाठी हे रस्ते लेयरमधून डिलीट केले, तरी रूट नारायण पेठेतून लक्ष्मी रोड आरपार ओलांडून सदाशिव पेठेत जातायत.

जुना_सर्व्हेअर

जाणारच. तुम्ही लक्ष्मी रोडची रेष काढलीत, पण त्याला आडव्या येणाऱ्या गल्ल्या चौकात एकाच बिंदूवर भेटतात, तो बिंदू त्या गल्ल्यांच्या रेषांत शिल्लक आहे. सॉफ्टवेअरच्या मते रस्ता नाहीसा झाला, चौक नाही. चौकात ढोलपथक उभं आहे हे त्याला कोण सांगणार.

बंद रस्त्यांच्या रेषा वेगळ्या काढा, त्यांना ८-१० मीटर बफर (भोवतीचा पट्टा) द्या, बफर डिझॉल्व्ह करा म्हणजे एकत्र होतील, आणि मग रस्त्यांच्या लेयरमधून तो बफर डिफरन्सनं कापा. आडव्या गल्ल्या पण तुटतात. मात्र जिथं पोलीस खरोखर ओलांडू देतात असे चौक असतील तर तिथं बफरला खिडकी ठेवा, ते त्या वर्षीची वाहतूक पोलिसांची नोटीस बघून ठरवायचं, मागच्या वर्षीची नाही. लांबीचे कॉलम कापल्यावर परत काढा.

खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल आणि नदीपात्रातला रस्ता बंद होतो, त्याची तिसरी फाइल आत्ताच करून ठेवा. ऐन वेळी पावसात लॅपटॉप उघडून कोण कापत बसणार.

निर्माल्य_टेम्पो

केलं. आता लक्ष्मी रोड आणि नदी यांच्या मधल्या काही सोसायट्यांना काहीच येत नाही. परत कुठं तुटलंय का?

जुना_सर्व्हेअर

तुटलेलं नाही. केळकर रोड पण बंद केलात ना? मग त्या दिवशी तिथून गाडी निघत नाही, हेच उत्तर आहे. टॉलरन्स वाढवून त्यात जबरदस्तीनं आकडा आणू नका.

निर्माल्य_टेम्पो

बरोबर आहे, तिथं तसंही आम्ही हातगाडीच नेतो. मग त्या सोसायट्यांसाठी फुटवे आणि पेडेस्ट्रियन परत घेऊन, वन वे काढून वेगळं चालवते, पायऱ्या तेवढ्या गाळलेल्याच ठेवते. अष्टभुजा घाट तिथून चालत जवळच आहे, बहुतेक तोच येईल. आज रात्री करून इथंच टाकते.

आगाऊ_चौक

प्रिंट मोठ्या अक्षरात काढा, दादांना चष्मा आहे.