नार्कोलेप्सी: गोळी किती वाजता, डुलकी कधी?

तापीकाठ:
बायकोला (वय २७) नार्कोलेप्सी टाइप १ निघालीय, म्हणजे दिवसा अनावर झोप येण्याचा आजार. जागं ठेवणारी मोडाफिनिल २०० मिग्रॅ गोळी सुरू आहे, सकाळी नाश्त्यानंतर नऊला घेते. भुसावळ-जळगाव रोज अप-डाउन, स्टेशनवरून पुढे स्कूटी. डबा खाल्ला की दोनला मान पडतेच. जोरात हसली की गुडघे लटपटतात, हातातला कप सुटतो. घरचे फिट समजून कांदा हुंगवतात. काय बदलावं?

रातराणी_जळगाव:
आधी गोळीची वेळ. भरल्या पोटी घेतली तर ती तासभर उशिरा चढते, म्हणजे अर्धी सकाळ वाया. उठल्या उठल्या, सहा-साडेसहाला घ्यायला सांगा. तरी दुपारी उतरत असेल तर १०० सकाळी, १०० साडेअकराच्या आसपास असं विभागता येतं, पण डॉक्टरांना विचारूनच. दुपारनंतर घेतली की रात्रीची झोप तुटते. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर मोडाफिनिलमुळे त्यांचा असर कमी होतो, बंद केल्यावरही महिनाभर. मूल हवं असेल तर आधीच डॉक्टरांशी बोला. अंगावर पुरळ उठलं तर गोळी थांबवून त्याच दिवशी दाखवा.

डुलकी झोप यायच्या आधी घ्यायची, मान पडल्यावर नाही. एक वाजता, डब्याच्या आधी, १५ ते २० मिनिटं, गजर लावून. जास्त लांबली तर उठल्यावर डोकं जड राहतं. डब्यात एक कळण्याची भाकरी आणि भरीत पुरे, उरलेलं चारला. वरण-बट्टी तूप ओतून खायची ती रविवारी! चहा तीननंतर नको.

परतीच्या गाडीत बसायला मिळालं तर दुसरी डुलकी तिथेच होते. फोन व्हायब्रेटवर, खिशात, भुसावळच्या पाच मिनिटं आधीचा गजर. लांब पल्ल्याची गाडी असेल तर जाग थेट बऱ्हाणपूरला येते. दारात मात्र कधीच उभं राहायचं नाही.

कपाशी_धरणगाव:
ती फिट नव्हे, कॅटाप्लेक्सी. हसू, राग, दचकणं यांनी स्नायूंतला जोर अचानक जातो. शुद्ध पूर्ण असते, कांदा आणा म्हणणाऱ्याचा आवाजही तिला ऐकू येत असतो, फक्त उत्तर देता येत नाही. खाली बसवा, मान सावरा, काही सेकंद ते दोनेक मिनिटांत आपोआप सरतं. तोंडात चमचा, पाणी काही घालू नका. यासाठी व्हेन्लाफॅक्सिनसारखी गोळी दिली असेल तर ती एकदम बंद करू नका. झटके एकामागोमाग यायला लागतात.

स्कूटी तूर्त बंद, डॉक्टर हो म्हणेपर्यंत. स्टेशनवरून रिक्षा करा. घरी उकळतं तेल, गच्चीचा बिनकठड्याचा कोपरा, शेतात विहीर आणि कडबाकुट्टी, इथे एकटी नको.

तापीकाठ:
पहाटे छातीवर कुणी बसलंय म्हणते, हलता येत नाही. आई अंगारा लावते.

रातराणी_जळगाव:
तोही याच आजाराचा भाग. मेंदू जागा होतो, पण स्वप्नाच्या झोपेत ढिलं पडलेलं अंग अजून सुटलेलं नसतं. उताणं झोपल्यावर जास्त होतं, म्हणून कुशीवर झोपवा. हाताला धरून नावाने हाक मारली की बहुधा लगेच सुटतं. मे महिन्यात रात्री कूलरमध्ये पाणी भरून ठेवा, उकाड्याने झोप मोडली की दुसऱ्या दिवशीची डुलकीही पुरत नाही. अंगारा लावायचा तर लावू द्या, गोळी चुकू नये.