आंबोलीच्या सड्यावर रात्री काय पाहावे आणि कसे चालावे?

पाऊसवाट (पुणे):
नमस्कार. यंदा पावसाळ्यात मी, माझे पती आणि दोन मुले (वय १२ आणि ९) असे आंबोलीला जाण्याच्या विचारात आहोत. मुख्य धबधब्याची गर्दी टाळायची आहे. बेडूक, साप, अळंबी आणि सड्यावरची (जांभ्या खडकाच्या उघड्या पठारावरची) फुले मुलांना जिथल्या तिथे पाहायला मिळावीत, एवढीच इच्छा आहे. जुलै निवडावा की सप्टेंबर? रात्रीच्या जंगलफेरीसाठी एका आयोजकाकडे चौकशी केली असता त्यांनी ठरावीक प्राणी दाखवण्याची हमीच दिली आणि ती ऐकून मी थोडी बिचकले. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

घाटमाथा (सावंतवाडी):
ताई, आधी काळाचे सांगतो. बेडूक पाहायचे असतील तर जूनचा दुसरा पंधरवडा ते जुलैअखेर आणि फुले पाहायची असतील तर ऑगस्टचा शेवट ते सप्टेंबर. दोन्ही एकाच फेरीत साधण्याचा हट्ट धरू नये. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवर, घाटाच्या अगदी कडेला आहे आणि येथे वर्षाकाठी ७,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्यामुळे जुलैत दिवसदिवस धुके हटत नाही आणि कावळेसाद या दरीकाठच्या ठिकाणी जाऊनही समोर केवळ पांढरा पडदा दिसेल, याची तयारी ठेवावी. मुलांना छत्र्यांऐवजी रेनकोट द्यावेत, कारण वाऱ्यापुढे छत्री टिकत नाही.

आपल्या गाडीविषयी एक कळकळीची विनंती आहे. अंधार पडल्यावर आंबोली–चौकुळ रस्त्यावर गाडी अगदी हळू चालवावी. पावसाची सर येऊन गेली की बेडूक डांबरी रस्त्यावर येतात आणि सकाळी तेथे किती चिरडलेले दिसतात, हे आम्ही दर वर्षी पाहतो. शक्य असेल तर गाडी मुक्कामीच ठेवून चालत निघावे.

जांभादगड (कोल्हापूर):
मी उभयचरांचा अभ्यास करतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आंबोलीचा सर्वांत मोलाचा रहिवासी सहज नजरेस पडत नाही. ‘आंबोली टोड’ हा अंगठ्याच्या पेरापेक्षा थोडा मोठा असलेला भेक २००९ मध्ये स्वतंत्र प्रजाती म्हणून जगापुढे आला. त्याच्या अंगावर दोन्ही बाजूंना पिवळसर पट्टे असतात. आंबोली आणि परिसरातील मोजक्या सड्यांवरच तो आढळत असल्याने अतिसंकटग्रस्त प्रजातींत त्याची गणना होते. पावसाळ्याच्या सुरुवातीलाच जांभ्याच्या खळग्यांत जे वीतभर रुंदीचे उथळ पाणी साचते, त्यात तो अंडी घालतो. आपण ज्याला चिखलपाणी समजून सहज पाय देतो, त्यातच त्याची पुढची पिढी वाढत असते. म्हणून सड्यावर पाऊल टाकण्यापूर्वी त्या जागेवर विजेरीचा प्रकाश पाडून पाहावे, पाणी साचलेले प्रत्येक डबके ओलांडून जावे आणि एकामागोमाग एक चालावे. सड्यावरचे सुटे दगड उलटवू नयेत, कारण त्यांच्या आडोशालाही हे जीव दडलेले असतात.

मलबार ग्लायडिंग फ्रॉग हा झाडांवर राहणारा बेडूक पाहायचा असेल तर साचलेल्या पाण्यावर झुकलेल्या फांद्या शोधाव्यात. पानांना चिकटलेला पांढरट फेसाचा गोळा दिसला, तर ते त्याचे घरटे असते. अंड्यांतून बाहेर पडलेली पिल्ले तेथून थेट खालच्या पाण्यात पडतात. त्यामुळे ती फांदी वाकवून छायाचित्र काढले आणि घरटे पाण्यावरून बाजूला सरकले, तर पिल्ले कोरड्या जमिनीवर पडून मरतात. मलबार चापडा हा विषारी साप हिरव्या, तपकिरी किंवा पिवळसर रंगात दिसतो आणि कमरेच्या उंचीच्या झुडपांत तासन् तास निश्चल बसून राहतो. फांद्या हाताने बाजूला सारू नयेत, असे मुलांना निघण्यापूर्वीच समजावावे.

हमीविषयी आपली शंका रास्त आहे. जो वाटाड्या ठरावीक प्राण्यांचे वचन देतो, त्याला ते पूर्ण करण्यासाठी कधी साप काठीने उचलून सोयीच्या फांदीवर ठेवण्याचा मोह होतो आणि मग जमलेले सगळे त्याच्यावर फ्लॅश पाडत राहतात. प्राण्याला हात न लावणारा, मोठा गट न घेणारा आणि ‘आज काही दिसले नाही’ असे मोकळेपणाने सांगू शकणारा स्थानिक माणूस शोधावा.

रानफुले (सांगली):
फुलांपुरते लिहिते. जांभ्यावर मातीचा थर अगदी पातळ असतो आणि त्यात नत्र फारच कमी असते. त्यामुळे येथील काही वनस्पती ही उणीव कीटकांवर भागवतात. दवबिंदू नावाच्या वनस्पतीच्या पानांवरील चिकट थेंबांत कीटक अडकतात आणि सीतेची आसवे ही निळी-जांभळी नाजूक वनस्पती आपल्या सूक्ष्म पिशव्यांत पाण्यातील जीव ओढून घेते. मुलांना भिंग द्यावे. गुडघ्यांवर बसून पाहिल्याशिवाय हे जग दिसत नाही. मात्र गुडघा टेकवायचा तो उघड्या खडकावर, फुलांच्या गालिच्यावर नाही.

पाऊसवाट (पुणे):
आपण सर्वांनी आपुलकीने दिलेल्या माहितीबद्दल मनापासून आभार. आम्ही जुलै निश्चित केला आहे. आणखी दोन शंका आहेत. धाकट्याला बेडूक हातात घ्यायची फार हौस आहे, त्याला कितपत मुभा द्यावी? आणि जळवांसाठी मीठ सोबत घ्यावे का?

जांभादगड (कोल्हापूर):
हातात घेऊ देऊ नये. बेडूक त्वचेतून पाणी शोषतो आणि काही प्रमाणात श्वासही घेतो. आपल्या हातावरील डास पळवणारे मलम किंवा सॅनिटायझर त्या त्वचेतून थेट त्याच्या शरीरात जाते. त्वचेचा बुरशीजन्य रोग पश्चिम घाटातील बेडकांतही आढळला असल्यामुळे इतर जंगलांतून आलेले बूट धुऊन, पूर्ण वाळवूनच सड्यावर यावे. त्याऐवजी मुलाला आवाज ओळखण्याचे काम द्यावे. दिवे मालवून थोडा वेळ शांत उभे राहिलात, तर किती प्रकारची साद कानी येते, हे तो स्वतः मोजू शकेल.

मीठ मात्र मुक्कामीच ठेवावे, कारण ते डबक्यात सांडले तर उभयचरांना घातक ठरते. गुडघ्यापर्यंतचे घट्ट विणीचे मोजे पुरेसे असतात आणि चिकटलेली जळू नखाने हलकेच सरकवली की सुटते.

घाटमाथा (सावंतवाडी):
दिवसा हिरण्यकेशीच्या उगमाशी नक्की जावे. तेथील महादेव मंदिराच्या कुंडात २०२० मध्ये माशाची एक नवी प्रजाती नोंदवली गेली आणि नदीच्याच नावावरून तिचे नामकरण झाले. पुढच्याच वर्षी राज्य शासनाने ती जागा जैविक वारसा स्थळ म्हणून घोषित केली. कुंडात पाय बुडवू नये, साबण वापरू नये आणि माशांना खाऊ टाकू नये. काठावर स्थिर उभे राहिले तरी मासे दिसतात. पाऊस जोरात असेल तर पाणी गढूळ होते, तेव्हा उघडीप पाहून सकाळीच जावे.