भाषाविज्ञानाने उलगडायचे की नियम घालून द्यायचे?

प्रश्न: लोक कसे बोलतात एवढेच भाषाविज्ञानाने सांगावे, की कसे लिहावे हेही ठरवावे?

प्रतिसाद १: फक्त उलगडावे. बोलीचे ध्वनिमुद्रण उतरवताना 'केलं' ऐकू आले तर 'केले' लिहू नये. सोबत बोलणाऱ्याचे वय, गाव, प्रसंग नोंदवावा. नियम नंतर शोधायचा. उतरवतानाच 'शुद्ध' केले की पुरावाच पुसला जातो.

प्रतिसाद २: पण पाठ्यपुस्तकाला एकच लेखन लागते. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२चे १४ लेखननियम आणि १९७२चे आणखी ४ त्यासाठीच आहेत. 'कवी' दीर्घ, समासात 'कविराज' ऱ्हस्व.

प्रतिसाद ३: हा ठराव झाला, उच्चाराचे वर्णन नव्हे. तो ठराव म्हणूनच शिकवा! संवाद लिहिताना 'केलं' त्या नियमांनाही चालते. मग मुलांचे बोलणे अशुद्ध कशाच्या आधारावर ठरवता?