ओरखडा नाही म्हणजे संमती?

दादा, बलात्काराच्या खटल्यांवर तुम्ही विचारलंत, ‘अंगावर ओरखडा नाही, आरडाओरडा नाही, मग जबरदस्ती कशावरून?’ साधारण हाच तर्क १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने लावला होता. १९७२चं देसाईगंज पोलीस ठाण्यातलं प्रकरण, दोन पोलिसांवर एका मुलीवरच्या बलात्काराचा आरोप, दोघेही सुटले. त्यावर देशभर रान उठलं आणि १९८३ला कायदा बदलला: कोठडीत संबंध झाल्याचं सिद्ध झालं आणि तक्रारदार बाई कोर्टात ‘माझी संमती नव्हती’ म्हणाली, की न्यायालय तसंच गृहीत धरतं. २०१३पासून तर सरसकट स्पष्ट लिहिलंय, प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती ठरत नाही.

मी नाशिकला, सीबीएस बसस्थानकाजवळच्या आपल्या कोर्टात वकिली करतो. उलटतपासणीत कीस पडतो तो बारीकसारीक गोष्टींचा. ‘जबाबात सात वाजता, आज साडेसात म्हणता?’ बाई गप्प. पाण्याचा ग्लास हातात तसाच. असल्या फरकाने साक्ष पडत नाही हो. मूळ हकीकत विश्वासार्ह वाटली तर तिच्या एकटीच्या साक्षीवरही शिक्षा होते. तीच डळमळली तर मात्र संशयाचा फायदा आरोपीला, आणि ते रास्तच आहे. आणि तिचे ‘आधीचे संबंध’? संमती ठरवताना ते गैरलागू. तरी आमच्यातले काहीजण विचारून बघतातच.