मदत हवी आहे: जपानी बाग शिकायला पुस्तक कोणतं घ्यावं?

रोपवाटिका_वाई | सोमवार, रात्री १०:४२
नमस्कार मंडळी. जपानी पद्धतीची बाग आखायला शिकायचं आहे, एखादं खात्रीचं पुस्तक सुचवा. मराठीत असेल तर फारच छान, नसेल तर इंग्रजी चालेल. यूट्यूब सांगू नका, महिनाभर तेच बघतोय. एक म्हणतो पांढरी खडी टाका, दुसरा म्हणतो खडी नकोच, तिसरा शेवटी स्वतःचा कोर्स विकतो. जरा घाई आहे. पीडीएफ असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

आगाऊ_कार्टं | रात्री १०:५१
"जपानी बाग" आणि "जरा घाई आहे". बसतो शेंगदाणे घेऊन.

चिंचेचा_कोळ | रात्री ११:०५
जागा कुठे? केवढी? ऊन किती, पाणी कुठून? घराला करायची की नुसता अभ्यास? काहीच न सांगता पुस्तक विचारणं म्हणजे डॉक्टरला फोनवर "गोळी सांगा" म्हणण्यातला प्रकार.

रोपवाटिका_वाई | रात्री ११:१२
जागा साधीच आहे हो, मोकळी. २० बाय ३० फूट. झाडांचं मला कळतं, त्याची काळजी नको. फक्त नाव सांगा पुस्तकाचं.

गच्चीवरचा_मळा | रात्री ११:४०
पुस्तक राहू दे, आधी स्लॅबचं बघा! कोथरूडला तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवर मी हीच हौस केली होती. ४ इंच खडी पसरली. म्हणजे चौरस मीटरला साधारण १५० किलो. गच्चीचा स्लॅब जेमतेम तेवढ्याच भाराच्या हिशेबाने धरलेला असतो, हे इंजिनिअर मेहुण्याने नंतर सांगितलं. वर तीन काळे दगड ठेवले होते. काळा दगड पाण्याच्या जवळजवळ तिप्पट जड. २ फूट लांब, दीड फूट रुंद, फूटभर उंच एवढा तुकडा २४०-२५० किलोला जातो. खालच्या काकूंच्या छताला ओल आली आणि सगळं परत गोण्यांत भरून खाली. चौथ्या खेपेला लिफ्टने मान टाकली. सोसायटीच्या मीटिंगमध्ये अजून माझ्या नावाने विषय निघतो.

रोपवाटिका_वाई | रात्री ११:४४
गच्ची नाहीये. जमीन आहे.

गच्चीवरचा_मळा | रात्री ११:४६
मग तसं लिहायचं ना आधी. एवढं टाइप केलं.

ओसाकाचा_पाहुणा | मंगळवार, सकाळी ६:२०
इथे नऊ वर्षं आहे, दर सुट्टीला क्योतोच्या बागा बघत फिरतो, तेव्हा थोडं बोलतो. मराठीत या विषयावर धड पुस्तक मला तरी भेटलेलं नाही.

एकच घ्यायचं तर मार्क पीटर कीन यांचं "जॅपनीज गार्डन डिझाइन", १९९६ चं. हा माणूस क्योतोत राहून बागा करत होता. बाग अशी का दिसते हे आधी इतिहासातून सांगतो आणि मग आखणीवर येतो. फोटो देखणे आहेत, पण फोटोंसाठी घेऊ नका.

दुसरं डेव्हिड स्लॉसन यांचं "सिक्रेट टीचिंग्ज इन द आर्ट ऑफ जॅपनीज गार्डन्स", १९८७. हे वाचायला जड आहे, पहिल्या वाचनात मी दोनदा झोपलो. पण दगड कसा निवडायचा आणि दुसऱ्या दगडाशी कसा जोडायचा, हे इतकं खोलात दुसरीकडे नाही. स्लॉसन क्योतोत नाकाने किन्साकूंच्या हाताखाली शिकले. नाकाने म्हणजे अदाची म्युझियमची बाग करणारे. पुस्तकात पंधराव्या शतकातल्या एका सचित्र बागपोथीचं भाषांतरही आहे.

आणि मुळात जायचं तर "साकुतेइकी". अकराव्या शतकातला ग्रंथ, ताचिबाना नो तोशित्सुना या दरबारी माणसाने लिहिला असं मानतात. ताकेई आणि कीन यांचं इंग्रजी भाषांतर २००१ मध्ये आलं. सुरुवातच "दगड उभे करण्याबद्दल" अशी आहे. त्या काळी बाग करणं म्हणजे दगड लावणं, झाडं नंतर.

संपादक_मंडळ | मंगळवार, सकाळी ९:०२
सूचना: प्रताधिकार असलेल्या पुस्तकांच्या पीडीएफची देवाणघेवाण इथे किंवा व्यनितून करू नये.

जुनी_पोथी | मंगळवार, सकाळी ९:३०
ज्याचा प्रताधिकार संपलाय ते तर वाचता येईल? जोसाया काँडर, "लँडस्केप गार्डनिंग इन जपान", १८९३. इंटरनेट अर्काइव्हवर फुकट आहे. इंग्रज वास्तुविशारद, तोक्योत शिकवायला गेला आणि तिथलाच झाला. आकृत्या अप्रतिम. फक्त त्यातली दगडांची नावं आणि जागा पाठ करून त्याबरहुकूम मांडायला जाऊ नका, सरकारी नकाशासारखी बाग होते.

शून्याकडे | मंगळवार, दुपारी १२:१५
पुस्तकाने ही बाग येत नाही. झेन ही अनुभूती आहे. क्योतोच्या रिओआन-जी मंदिरातल्या पंधरा दगडांसमोर तासभर शांत बसा, आपोआप उमगेल. पंधरावा दगड कुठूनच दिसत नाही, तो आपल्या आत असतो.

जुनी_पोथी | मंगळवार, दुपारी १२:४०
आत नसतो हो, दुसऱ्या दगडाच्या मागे असतो. व्हरांड्यात बसल्यावर एका वेळी चौदा दिसतात, थोडं सरकलं की लपलेला दिसतो आणि दुसरा कुठला तरी लपतो. आणि "झेन गार्डन" हा शब्दच मुळी विसाव्या शतकातला, लोरेन कक या अमेरिकन बाईंच्या १९३५ च्या पुस्तकातून रुळलेला. विबे कुइतेर्त या डच अभ्यासकांनी यावर सविस्तर लिहिलंय. जपानी शब्द आहे कारेसान्सुई, म्हणजे पाण्याविना डोंगर-पाणी, आणि तो झेन मठांच्या आधी साकुतेइकीत येतो.

शून्याकडे | मंगळवार, दुपारी १२:५५
शब्द नंतर आला म्हणून वस्तू नव्हती असं होत नाही. गुरुत्वाकर्षण न्यूटनच्या आधी नव्हतं का?

आगाऊ_कार्टं | मंगळवार, दुपारी १२:५७
😂 शेंगदाणे संपले.

ईशान्य_कोपरा | मंगळवार, दुपारी २:१०
पाणी ईशान्येला ठेवा आणि जड दगड नैर्ऋत्येला. बाकी पुस्तकं वाचा न वाचा.

जुनी_पोथी | मंगळवार, दुपारी २:२२
गंमत म्हणजे साकुतेइकीतही हे सगळं आहे. ओढा पूर्वेकडून आणून घराखालून नैर्ऋत्येला काढायचा, पूर्वेचा निळा ड्रॅगन अमंगळ धुऊन पश्चिमेच्या पांढऱ्या वाघाकडे नेतो. मुळात उभा असलेला दगड आडवा लावला तर तो पछाडतो.

ईशान्य_कोपरा | मंगळवार, दुपारी २:२५
मी काय म्हणत होतो!

सदाशिव_पेठी | मंगळवार, दुपारी ४:००
पुस्तकांवर कशाला पैसे घालवता? सिंहगड रोडला पु. ल. देशपांडे उद्यानात जा. ओकायामाच्या कोराकुएनवरून केलंय. तिकीट काढा, वही-पेन्सिल घ्या, हिरवळ आणि पाणी कसं वळवलंय त्याचं चित्र काढा. पूर्वी पुणे-ओकायामा मैत्री उद्यान म्हणायचे, आम्ही अजून ओकायामाच म्हणतो.

भाईंची_भक्त | मंगळवार, दुपारी ४:२०
का म्हणून? पु. लं.चं नाव आहे तर तेच घ्या की. आणि तिथे सकाळी प्री-वेडिंगवाल्यांची नुसती जत्रा असते, झेन वगैरे विसरा.

सदाशिव_पेठी | मंगळवार, दुपारी ४:२४
नावावरून वाद नको. बाग बघा म्हणतोय.

ओसाकाचा_पाहुणा | मंगळवार, संध्याकाळी ५:१०
पेठीकाकांचं बरोबर आहे, जाऊन या. पण कोराकुएन ही सरदाराची फिरायची बाग, १७०० मध्ये पुरी झालेली, तेरा हेक्टरांवर. तिचा हिशेब २० बाय ३० फुटांत बसत नाही. तुम्हाला नक्की काय करायचंय ते अजून कळलं नाही.

पोर्टलंडची_पमी | मंगळवार, रात्री ९:००
आमच्याकडे पोर्टलंडला फार सुंदर जपानी बाग आहे, १९६७ पासून लोकांना खुली. इकडे आलात तर नक्की बघा!

रोपवाटिका_वाई | मंगळवार, रात्री १०:३०
पमीताई, वाईहून पोर्टलंड जरा लांब पडतं 🙏

बरं, सगळं सांगतो. माझी नर्सरी आहे. पाचगणीच्या एका बंगल्याचं काम घेतलंय, मालक मुंबईचे. त्यांनी मोबाईलवर फोटो दाखवला, पांढरी खडी आणि मधे दगड, म्हणाले अगदी हेच हवं. ॲडव्हान्स घेऊन बसलोय. दिवाळीला त्यांचे पाहुणे येणार. वाईहून काळे दगड नेले, मांडले, आणि ते बागेसारखे दिसतच नाहीत. बटाट्याची पोती उतरवून ठेवल्यासारखं दिसतंय. पाच वेळा जागा बदलल्या, पोरं वैतागली. म्हणून पुस्तक विचारलं. फोटो टाकतोय.

चिंचेचा_कोळ | मंगळवार, रात्री १०:४१
पाचगणी! आणि हे आत्ता सांगताय? मी मनात पुण्याच्या उन्हाचा हिशेब करून शेवाळाला नाही म्हणायला आले होते.

ओसाकाचा_पाहुणा | बुधवार, सकाळी ६:०५
फोटो बघितला. दोन प्रश्न. दगड जमिनीत किती पुरलेत? आणि ते इतके चकचकीत कसे?

रोपवाटिका_वाई | बुधवार, सकाळी ७:१५
पुरले नाहीत, ठेवलेत. पैसे दगडाचे, पुरायचा कशाला? आणि हो, बुरशी आणि शेवाळ होतं, ॲसिड मारून तारेच्या ब्रशने घासून घेतले.

ओसाकाचा_पाहुणा | बुधवार, सकाळी ७:२०
🤦 अहो, त्या पांढऱ्या-राखाडी चट्ट्यांसाठी इथे लोक जास्तीचे पैसे मोजतात. तो दगडफूल बसायला वर्षं जातात. असो, गेलं ते गेलं, पाचगणीच्या पावसात परत धरेल.

मुख्य गोष्ट पुरण्याची. तुमचे दगड जमिनीवर आलेत, जमिनीतून आलेले नाहीत. प्रत्येक दगडाला सगळ्यात रुंद अशी एक रेघ असते, कंबर म्हणा. ती मातीच्या खाली गेली पाहिजे. कंबर वर राहिली की दगड खाली निमुळता होतो आणि लोळेलसा वाटतो. तुमच्या फोटोतला डावीकडचा तसाच आहे, खालून सावली दिसतेय बघा. तिसरा हिस्सा तरी पुरा, कधी अर्धा. खाली दिसतो त्याहून मोठा दगड असेल, असं बघणाऱ्याला वाटलं की काम झालं.

मग एकमेकांशी नातं. साकुतेइकीत म्हटलंय, एक दगड पळत असेल तर दुसरा त्याचा पाठलाग करणारा हवा. तुमचे तिन्ही एकाच उंचीचे, एकमेकांकडे पाठ करून रिक्षाची वाट बघत उभे आहेत.

रोपवाटिका_वाई | बुधवार, सकाळी ७:३१
कंबर. हे एक वाक्य महिनाभरात कोणी बोललं नाही.

शून्याकडे | बुधवार, सकाळी ८:००
पाचगणीत धुकं उतरतं. धुक्यातला एकच दगड पुरेसा आहे.

जुनी_पोथी | बुधवार, सकाळी ८:४५
यावेळी मात्र सहमत. आणि मालकांना सांगा, तो फोटो रिओआन-जीचा आहे. ती जागा साधारण २५ बाय १० मीटर, तुमच्यापेक्षा चारपट. पंधरा दगड तिथे कोंबले तर दगडांचं दुकान होईल. पाच पुरे.

चिंचेचा_कोळ | बुधवार, सकाळी १०:२०
खडीचं बोलते, माझं माहेर महाबळेश्वरचं. त्या पावसात पहिल्याच आठवड्यात खडी फाटकाबाहेर. मुरूम ठोकून उतार द्या, वर जिओटेक्स्टाईल (पाणी झिरपू देणारं कापड), कडेला दगडी पट्टी, आणि पाणी खालून चरात काढा. संगमरवरी पांढरी चिप्स नको, मे महिन्यात डोळे दिपतात. क्योतोची शिराकावा रेतीसुद्धा पांढरीफेक नसते, ग्रॅनाइटची, काळसर ठिपक्यांची. शेवाळ जून ते नोव्हेंबर मखमल होईल आणि फेब्रुवारीला तपकिरी पापुद्रा. क्योतोला वर्षभर अधूनमधून पाऊस असतो, आपल्याकडे चार महिन्यांत सगळा संपतो. सावलीत मोंडो ग्रास (गवतासारखं दिसणारं बुटकं रोप) लावा.

ओसाकाचा_पाहुणा | बुधवार, दुपारी १:००
एक विचारायचं राहिलं. फोटोत मागे ती सात फुटी भिंत दिसतेय. तिच्यापलीकडे काय आहे?

रोपवाटिका_वाई | बुधवार, दुपारी १:३०
काही नाही. दरी आहे. धोम धरणाचं पाणी दिसतं.

ओसाकाचा_पाहुणा | बुधवार, दुपारी १:३२
"काही नाही"!!! अहो, क्योतोच्या एंत्सू-जी मंदिरात अख्खी बाग केली आहे ती लांबचा हिएई डोंगर दिसावा म्हणून. पुढे कापलेलं बुटकं कुंपण, वर डोंगर. याला शाक्केई म्हणतात, उसना देखावा. तेइजी इतोह यांचं "स्पेस अँड इल्युजन इन द जॅपनीज गार्डन" यावरच आहे, १९७३ चं. जुन्या प्रती शोधाव्या लागतील. भिंत अडीच फुटांवर आणा, बाहेर खोल असेल तर रेलिंगचं बघा. निम्मी बाग आयती मिळेल.

गच्चीवरचा_मळा | बुधवार, दुपारी २:००
भिंत पाडायच्या आधी ती रिटेनिंग वॉल (माती अडवून धरणारी) आहे का ते तपासा. स्ट्रक्चरल इंजिनिअर!

रोपवाटिका_वाई | रविवार, रात्री ९:५०
कीनचं पुस्तक मागवलंय, यायला पंधरा दिवस. काँडर मोबाईलवर वाचतोय. अपडेट देतो.

शुक्रवारी पहारी घेऊन चौघं लागलो. मोठा दगड दोन फूट खाली घातला, बाजूने मुरूम धुमसला, मग हात लावून हलवून बघितला, ढिम्म हलेना. शेजारी बुटका, त्याच्याकडे कललेला. लांब एक आडवा, नुसती पाठ वर. पोरांपैकी एक म्हणाला, "दादा, हा इथलाच वाटतोय." तिथेच थांबलो. उरलेले दोन दगड टेम्पोत परत टाकले.

मालकांना व्हिडिओ कॉल केला. ते म्हणाले, "पाच दगडांचे पैसे घेतले, दिसतायत अडीच?" भिंतीचं विचारतो म्हणालेत. आणि मधे बुद्धाची मूर्ती हवीच आहे, पांढरी, लाइट लागणारी. त्यावर कुठलं पुस्तक असेल तर सांगा.

आगाऊ_कार्टं | रविवार, रात्री ९:५३
तिलाही कंबरेपर्यंत पुरा.

भाईंची_भक्त | रविवार, रात्री १०:१५
ते मोंडो ग्रास तुमच्या नर्सरीत मिळेल का हो? पिशवी कशी?

रोपवाटिका_वाई | रविवार, रात्री १०:१७
व्यनि केलाय ताई.